कोरी राहिलेली छत्री

दुकानात टांगलेली काळी छत्री दिसली की ते प्रकरण अजूनही जसंच्या तसं डोळ्यांपुढं उभं राहतं. आमच्या घरी ते सगळ्यांना पाठ आहे. मुलगी म्हणते, "बाबांच्या नोकरीत दरोडे पडले, खून झाले, दंगली झाल्या, पण पाहुणे आले की बाबा सांगणार छत्रीचंच." तिचं खरं आहे. दरोडेखोर पकडल्याच्या गोष्टीत मी शूर दिसतो आणि ऐकणारे पेंगायला लागतात. छत्रीच्या गोष्टीत मी गाढव दिसतो आणि कोणी जागचं हलत नाही. नावं मात्र मी घरीही सांगितलेली नाहीत आणि इथंही सांगणार नाही. का, ते पुढं येईलच.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाणं म्हणजे तीन खोल्या, पुढं एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली तक्रारदारांसाठी बाक. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, समन्स-वॉरंटची बजावणी, बांधावरची भांडणं, बाजाराच्या दिवशी पाकीटमार. बहुतेक दिवस असेच जायचे. त्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि आता चार दिवस आराम मिळेल असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. असं काही मी सांगितलं की हमखास काहीतरी घडतं, हे तिलाही माहीत होतं.

गावच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात, पॅनल असतात. कोणतं पॅनल कोणत्या पक्षाचं, हे मात्र गावातल्या म्हशींनाही ठाऊक असतं. आमच्या हद्दीतल्या एका मोठ्या गावात एक जागा बायकांसाठी राखीव होती आणि तिथं चार उमेदवार होत्या. चिन्हं होती पतंग, कपबशी, टेबल आणि छत्री. पतंग म्हणजे गावातल्या मोठ्या घराची सून. अर्ध्या वॉर्डाला त्या घराच्या विहिरीवरून पाणी जायचं, त्यामुळं प्रचाराची फारशी गरज नव्हती. छत्री म्हणजे गावची सुईण. विधवा बाई, अपक्ष उभी. तिच्यामागं ना पॅनल ना जीप. तिचा एक दीर तेवढा सायकलला छत्री बांधून फिरायचा.

मतमोजणीत छत्रीपेक्षा चार मतं जास्त मिळून पतंग निवडून आला. त्याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य होतं ते बाद मतांचं. बाद झालेल्या अकरा मतपत्रिका अशा निघाल्या की मोजणीला बसलेले कर्मचारी एकमेकांकडं बघत राहिले. पतंगावर शिक्का, कपबशीवर शिक्का, टेबलावर शिक्का आणि छत्री कोरी. अकराच्या अकरा तशाच. एखाद्याचा हात चुकतो, दोन ठिकाणी शिक्का पडतो. पण अकरा जणांचा हात एकाच रीतीनं कसा चुकेल?

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दोन अर्ज आले. सुईणबाईच्या दिराचा अर्ज असा, की ही अकरा मतं आमची होती; केंद्राध्यक्षानं आमच्या अडाणी बायांना मतदानाच्या कप्प्यात जाण्याआधी मुद्दाम उलटं सांगून मतं वाया घालवली. मोठ्या घराचा अर्ज असा, की ही अकरा मतं पतंगाची होती. केंद्राध्यक्षानं मागाहून त्यांवर आणखी दोन-दोन शिक्के मारून ती नासवली, नाहीतर आम्ही पंधरा मतांनी आलो असतो. चार मतांनी निवडून येणं त्यांना हरल्यासारखंच लागलं होतं. निवडणुकीनंतर दोन्ही बाजूंचं ज्या एकाच गोष्टीवर एकमत झालं ती ही, की दोषी केंद्राध्यक्ष आहे.

हा केंद्राध्यक्ष म्हणजे शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खिशाला शाईचं पेन. तहसीलमधून पत्र आलं, की चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत पाठवा, त्यावर त्यांच्या निलंबनाचा निर्णय होईल. म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसाची सगळी नोकरी माझ्या कागदावर येऊन बसली.

मी त्यांना ठाण्यात बोलावलं आणि सकाळी दहापासून लिंबाखालच्या बाकावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी पद्धत. माणूस चार तास बसला की आपोआप सैल होतो. गुरुजी सैल झाले नाहीत. चार तासांत त्यांनी आमच्या जमादाराच्या पोराची चौथीची पुस्तकं मागवून त्याला अपूर्णांक शिकवले. आत आल्यावर मी त्यांचा जबाब लिहायला घेतला, तर ते वहीकडं बघून म्हणाले, "साहेब, संगनमतमधला अनुस्वार ऱ्हायला."

मी तो दिला. मग आवाज चढवून विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी केंद्रात काय झालं?"

"मतदान झालं."

"तुम्ही बायांना काही सांगितलं?"

"पुढं चला म्हणलो. एकीला म्हणलो, पदर सांभाळ, शाईचा पॅड हाय."

"आणखी काही वेगळं दिसलं?"

ते जरा थांबले. ते थांबणं माझ्या अनुभवी नजरेनं लगेच टिपलं. "दहा-बारा बाया कप्प्यात जरा जास्ती वेळ थांबल्या," ते म्हणाले. "एजंट ओरडून राह्यले, जल्दी करा, जल्दी करा. मी म्हणलो, थांबू द्या. एरवी त्यांला कोण थांबू देतंय?"

"कोण कोण होत्या त्या?"

"ते मी सांगणार न्हाई."

"गुरुजी, ही पोलीस चौकशी आहे."

"असू द्या. केंद्राध्यक्षाचं काम कप्प्याकडं पाठ करून बसायचं. मी बराबर पाठ करून बसलो. आता तोंड फिरवून कसं चालंल?"

जो माणूस नावं सांगत नाही तो गुन्ह्यात सामील असतो, असं मला खात्यानं शिकवलं होतं. ते शंभरातल्या नव्वद वेळा खरंही असतं. मी डायरीत लिहिलं, 'केंद्राध्यक्ष माहिती दडवीत आहेत.' आणि मनात म्हटलं, म्हातारा पक्का आहे.

त्यानंतर तीन दिवस मी शास्त्रीय तपास केला. तसाच फुलीचा शिक्का आणि पॅड मागवला आणि एक माणूस पाच मिनिटांत किती कागद नासवू शकतो हे बघण्यासाठी तीन शिपायांना रद्दीवर शिक्के मारायला बसवलं. स्वतःही मारले. निष्कर्ष एवढाच निघाला की शाई साबणानं जात नाही. घरी गेलो तर बायको म्हणाली, "गालावर फुली कुणी मारली? बाद झालात का?"

चौथा दिवस बाजाराचा. ठाण्यासमोर एक म्हातारे मनियारचाचा बांगड्यांची पेटी घेऊन बसायचे. एरवी गावोगाव फिरायचे. त्यांच्याकडून मला आधीही एक-दोनदा कामाची खबर मिळाली होती, कारण बांगड्या भरताना बायकांचा हात माणसाच्या हातात असतो आणि तोंड मोकळं असतं. मी चहा पाठवला. चहा पिऊन झाल्यावर ते स्वतःच आले.

"साब, तुम मर्दांकू पूछ पूछ के थक गए. मर्दांकू क्या मालूम?"

"मग कोणाला विचारू?"

"डॉक्टर की दवाखाने के पिच्छू जाओ, दोपहर कू. वहां औरतां स्वेटर बुनती. इलेक्शन के बाद हसती थीं. मास्टर का नाम निकला, तब से रोती. बांगडी भी नै भरती कोई." त्यांनी पेटी उचलली. "मेरा धंदा बैठ गया साब, इसलिए बोला."

तपासाचा पहिला धडा हाच, की माणूस न्यायासाठी क्वचित बोलतो, धंद्यासाठी नेहमी बोलतो.

त्या गावचा डॉक्टर म्हणजे तिथल्याच शेतकऱ्याचा मुलगा. ऐंशीच्या दशकात शिष्यवृत्तीवर सोव्हिएत रशियात शिकायला गेला आणि येताना पदवीबरोबर बायकोही घेऊन आला. गावात तिला सगळे 'रशियावाली वहिनी' म्हणायचे. ती प्रत्येकाला सांगायची, की मी युक्रेनची, तो देश आता वेगळा झाला आहे. लोक मान हलवायचे आणि पुन्हा रशियावालीच म्हणायचे. मी तिला ओळखत होतो, कारण ती अजून परदेशी नागरिक होती. राहण्याच्या परवान्यासाठी तिला दर वर्षी जालन्याला पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जावं लागायचं आणि त्याआधीचा चौकशीचा कागद माझ्या सहीनं जायचा. दर वर्षी मी त्यावर लिहायचो, 'वर्तणूक चांगली, राजकीय हालचाल नाही.'

दुपारी मी गेलो. दवाखान्यामागच्या पडवीत चौदा-पंधरा बायका सुया घेऊन बसल्या होत्या. मला बघताच सुया थांबल्या. वहिनी उठली. गोरी, उंच, नऊवारी नाही पण अगदी इथल्यासारखी पाचवारी नेसलेली, आणि बोलणं असं की डोळे मिटले तर अंबडच्या बाजारातली बाई वाटावी.

"साहेब, माझ्या कागदाची तारीख तर लांब हाय अजून."

"कागदासाठी नाही आलो, वहिनी. छत्रीसाठी आलोय."

तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली. "मला परत धाडतेत का आता?" तिनं विचारलं. "लेकरं इथली हायेत माझी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की छत्रीमागचं काहीतरी हिला ठाऊक आहे. आणि हेही ध्यानात आलं, की मी दर वर्षी लिहितो ते 'राजकीय हालचाल नाही' हे वाक्य तिच्या डोक्यावर टांगलेलं असतं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी डोक्यावर असली की लोक फौजदाराशी बोलतात, मांडीवर असली की माणसाशी.

"काय झालं ते सांगा. मग बघू."

"मी कुणाला काही करा म्हणलं न्हाई, साहेब. यांनी विचारलं, तुमच्याकडं मतदान कसं असतं, मी सांगितलं. एवढंच."

"मलाही तेवढंच सांगा."

तिनं सुया हातात घेतल्या. बहुधा हात रिकामे असले की तिला बोलता येत नसावं. ती सांगत गेली आणि विणत गेली.

त्यांच्याकडं पूर्वी एकच पार्टी होती. मतदानाच्या कागदावर एकच नाव असायचं. मतदानाचा दिवस म्हणजे जत्रा. केंद्रावर बँड वाजायचा, एरवी न मिळणारी संत्री तिथं विकायला असायची. लोक कागद घ्यायचे, घडी करायचे आणि सरळ पेटीत टाकायचे. ज्याला ते नाव नको असेल त्यानं पडद्यामागं जाऊन पेन्सिलीनं ते खोडायचं. तशी मुभा होती. पडदा होता, पेन्सिलही होती. पण पडद्यामागं कोण गेला हे बाहेर बसलेले लिहून घ्यायचे.

"मंग कोण जाईल?" वहिनी म्हणाली. "माझे वडील ट्रॅक्टरच्या कारखान्यात होते. आयुष्यभर मतदान केलं, पडद्यामागं एकदा बी गेले न्हाई."

मग काळ पालटला. एका कागदावर पाच-सहा नावं यायला लागली. पण रीत जुनीच राहिली, खोडायची. जी नको ती सगळी नावं खोडायची आणि आपलं माणूस कोरं ठेवायचं. जे कोरं राहील त्याला मत.

"त्या टायमाला मी तिथंच होते. वडील कागद घेऊन पडद्यामागं गेले. पाच मिनिटं झाली, धा मिनिटं झाली. आई म्हणली, चक्कर येऊन पडला काय हा माणूस. मंग आले भाईर. डोळे लाल. आईनं विचारलं, इतका वेळ काय करीत होता? म्हणले, काही न्हाई, पेन्सिल चांगली होती."

बायकांनी हे आधी ऐकलं असणार, तरी पुन्हा एकदा त्या हसल्या आणि दोघींनी पदरानं डोळे पुसले. आता तिकडं काय चाललंय, असं मी विचारलं. तपासाशी त्याचा संबंध नव्हता, पण विचारलं.

"आता पार्ट्याच पार्ट्या हायेत. कागद हा एवढा लांब. निम्मे लोक मतदानाला येत न्हाईत, मंग ते रद्द होतंय, परत घेतेत. आईचं पत्र आल्तं. वडील म्हणतेत, पहिले एकच पार्टी होती, तिला नावं ठेवायची सोय नव्हती. आता इतक्या झाल्या की नावं ध्यानात ठेवायची सोय न्हाई. पण जातेत. दर खेपेला जातेत आन् पडद्यामागंच जातेत."

मी बायकांकडं वळलो. "आणि तुम्ही ही गोष्ट ऐकलीत."

कोपऱ्यातली एक मावशी, साठीची असेल, पुढं सरकली. "ऐकली. आन् वहिनीला काय बोलायचं असंल तर आधी मला बोला. डोकं माझं हाय."

"काय डोकं?"

"आधी आण घ्या. आमच्या माणसांला कळता कामा न्हाई."

"मी शब्द देतो."

"शब्द न्हाई चालत. शब्द तर उमेदवार बी देतेत."

तिनं कमरेची डबी काढली. खंडोबाचा भंडारा. मी वर्दीत होतो. सरकारी थाटात सांगायचं तर कायद्याचा प्रतिनिधी होतो. पण समोर पंधरा बायका होत्या आणि एकीच्याही चेहऱ्यावर विनोद नव्हता. मी हात पुढं केला. तळहातावर हळद पडली आणि मी मावशीच्या मागोमाग म्हणालो, की यांच्या माणसांना माझ्या तोंडून कोणाचं नाव कळणार नाही.

मग मावशी बोलली. निवडणुकीच्या आदल्या दिवशी मोठ्या घरची माणसं वॉर्डात दारोदार फिरली होती. घरातल्या पुरुषांकडून भंडारा उचलून घेतला आणि या वेळी जागा बायांची म्हणून बायांकडूनही घेतला. 'पतंगावर शिक्का मारीन', असं म्हणायला लावलं.

"आता आमची झाली पंचाईत," मावशी म्हणाली. "भंडारा उचलल्यावर मोडायचा कसा? देव हाय, घरी लेकरंबाळं हायेत. आन् न्हाई मोडला तर सुईणबाईला तोंड कसं दाखवू? माझी चार बाळंतपणं तिनं केली. ह्या माझ्या शेजारणीच्या पोरीच्या टायमाला तर पूर आल्ता, कमरेइतक्या पाण्यातून आल्ती बाई."

"मग?"

"मंग वहिनीची गोष्ट ध्यानात आली. पतंगावर शिक्का मारला. आण बराबर पुरी झाली का न्हाई? झाली. मंग कपबशीवर मारला, टेबलावर मारला. छत्रीला बिलकुल हात लावला न्हाई. तिला डाग लागू दिला न्हाई. आम्ही म्हणलो, देव बी खूश, सुईण बी खूश. घरी विचारलं, पतंगावर मारला का? म्हणलं, मारला. खोटं बोलावं लागलं न्हाई."

मी चौकशी अधिकारी होतो, तरी त्या युक्तीपुढं मला टोपी काढावीशी वाटली. ती आधीच मांडीवर होती. "पण मावशी, आपल्याकडं असं मत धरत नाहीत. ते बाद होतं."

"ते मोजल्यावर कळलं," ती म्हणाली. "मोजणाऱ्याला इतकं बी कळू नये? कोरं कोण ऱ्हायलं, दिसत न्हाई का?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "आन् गुरुजीचं काय हो होणार? त्यांनी सगळ्यांला बघितलं. एकीचं बी नाव घेतलं न्हाई."

ठाण्याकडं परत येताना मोटारसायकलचं हँडल पिवळं झालं. जमादारानं ते फडक्यानं पुसून घेतलं. घरी बायको म्हणाली, "तीन दिवस शाई, आज हळद. उद्या काय लावून येणार आहात?"

आता खरी अडचण सुरू झाली. गुरुजी निर्दोष आहेत हे मला माहीत होतं, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडं अकरा साक्षीदार होते ज्यांची नावं मी घेऊ शकत नव्हतो. नावं बाहेर आली असती तर मोठ्या घरानं त्या घरांचं पाणी तोडलं असतं, नवऱ्यांनी काय केलं असतं ते मी रोज तक्रारींत वाचत होतो, आणि वहिनीच्या परवान्यावर 'राजकीय हालचाल' असं कोणीतरी लाल शाईत लिहिलं असतं. नावं घेतली नाहीत तर गुरुजी जात होते. आणि गुरुजींनी हाच हिशेब माझ्या आधी मांडून, स्वतःला जाऊ द्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या त्या थांबण्याला मी लपवाछपवी म्हटलं होतं. डायरीतलं ते वाक्य वाचून मला लाज वाटली.

बायकांना साक्षीला आणता येत नसेल तर कागदांनाच बोलतं करायला हवं होतं. रीतसर अर्ज करून, अंबडच्या कोर्टाच्या आदेशानं, पंचांसमोर बाद मतांचा लखोटा उघडला. मी भिंग घेऊन बसलो. गरज पडली नाही. ओल्या शिक्क्याचा कागद घडी केला की शाईचा पुसट ठसा समोरच्या बाजूला उमटतो. त्या अकरा कागदांवर तिन्ही शिक्क्यांचे पुसट ठसे उमटले होते, तेही एकाच घडीत. म्हणजे तिन्ही शिक्के घडी घालण्याआधी, एका दमात मारलेले. मागाहून कोणी भर घातलेली नाही. आणि घड्या? एकीनं विड्याच्या पानासारखी त्रिकोणी घातलेली, एकीनं औषधाच्या पुडीसारखी, एकीनं लुगड्याची घालतात तशी लांब, एकीनं तर चुरगळून बोळा केलेला. अकरा कागद, अकरा तऱ्हा. एका माणसाच्या हातून हे होत नाही. पंचांतल्या एका कापड दुकानदारानं तर आपणहून सांगितलं, "साहेब, ह्या घड्या अकरा हातांच्या हायेत. मी जन्मभर घड्याच घालून राह्यलो."

राहिला आरोप उलटं सांगितल्याचा. दिवसभर केंद्रात बसलेल्या चारही उमेदवारांच्या एजंटांचे मी वेगवेगळे जबाब घेतले. चौघेही एकमेकांचे वैरी, पण चौघांनीही हेच सांगितलं, की गुरुजी 'पुढं चला' यापलीकडं काही बोलले नाहीत.

अहवाल लिहिला. शिक्के मतदारांनी स्वतः, कप्प्यात, मतपत्रिकेची घडी घालण्यापूर्वी मारले असून मतदान पद्धतीबाबतच्या गैरसमजातून हा प्रकार घडला आहे. केंद्राध्यक्षांचा कोणताही दोष आढळून येत नाही. जालन्याला उपअधीक्षकांसमोर उभा राहिलो. त्यांनी दोनदा वाचला.

"गैरसमज कोणाचा?"

"मतदारांचा, सर."

"कोणत्या?"

"मतदान गुप्त असतं, सर."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुला माहीत आहे."

मी सावधान उभा राहिलो. खात्यात उत्तर नसलं की हा उपाय असतो. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. त्यांचं मूळ गाव जेजुरीच्या बाजूचं; त्यांना काय कळलं ते मला कधी कळलं नाही. त्यांनी सही केली.

गुरुजींचं निलंबन झालं नाही. मी स्वतः शाळेत जाऊन त्यांना सांगितलं. ते फळ्यावर काहीतरी लिहीत होते. वळून म्हणाले, "कोण होत्या ते कळलं का तुम्हाला?"

"कळलं."

"लिहिलं?"

"नाही."

"मंग बसा, चहा घ्या," ते म्हणाले, आणि पोरांना पाढे म्हणायला लावले.

सुईणबाईला त्या बायांनी आपणहून जाऊन सगळं सांगितलं. तिनं दिराला काय सांगितलं कोण जाणे, पण त्याचा अर्ज पुन्हा उकरला गेला नाही. बाई नंतर बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "साहेब, अकरा जणींनी मला डाग लागू दिला न्हाई. मंग मी हरले कशी?" पुढच्या खेपेला ती निवडून आली आणि मत एकही बाद झालं नाही, कारण निवृत्त झालेल्या गुरुजींनी आधी महिनाभर दवाखान्यामागच्या पडवीत खोट्या मतपत्रिका वाटून सराव घेतला होता.

त्या निवडणुकीला माझी बदली झालेली होती, पण बंदोबस्तासाठी मला तेच गाव मिळालं. रांगेत वहिनी उभी होती. तिला नागरिकत्व मिळालं होतं. इथलं तिचं पहिलं मतदान. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका घेतली आणि पुठ्ठ्याच्या कप्प्यामागं गेली. बराच वेळ आलीच नाही. दारातल्या शिपायानं हाक द्यायला तोंड उघडलं. मी म्हणालो, "थांबू दे."

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "एकच मारला, साहेब."

"सांगू नका, वहिनी."

"कुणावर ते थोडीच सांगितलं?" ती म्हणाली. "आता घरी जाऊन वडलाला पत्र लिहिते. शिक्का चांगला होता म्हणून."

तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. चांगला प्रश्न कसा विचारावा हे मला बऱ्याच जणांनी शिकवलं. कोणता विचारू नये हे एका गुरुजींनी आणि अकरा जणींनी शिकवलं, आणि नोकरीत त्याचाच उपयोग जास्त झाला.

मागच्या निवडणुकीत आम्ही नवराबायको मतदान करून घरी आलो. ती शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून वर धरून होती. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "विचारा की, कोणाला दिलं ते. पूर्वी तर उंबऱ्यातच विचारायचात."

"नको."

"का?"

मी उजवा तळहात तिच्यापुढं धरला. तिनं तो नीट निरखून पाहिला, जणू हळद अजून तिथं होती, आणि म्हणाली, "बरं. साखर किती घालू, ते तरी सांगाल?"